नायट्रसवाल्यांनो, आधी थर्मामीटर बघा

रस्त्यावरच्या गाडीला नायट्रसची बाटली लावण्याचा विषय निघाला की दोन प्रकारची माणसं हमखास तोंड उघडतात, आणि दोन्ही माझ्या डोक्यात जातात. पहिला म्हणतो, "काही नाही होत रे, बटण दाबायचं, गाडी उडते." दुसरा म्हणतो, "ही पोरं वाया गेलेली आहेत, बंद करून टाका सगळं." पहिल्याला इंजिन कळत नाही, दुसऱ्याला पोरं कळत नाहीत. त्यात मी जळगावात वाढलेला, मामाचं घर धुळ्याला. तिथल्या उन्हात बाटली, पोरं आणि महामार्ग एकत्र आले की काय होऊ शकतं, याबद्दल हे दोघंही एक अक्षर बोलत नाहीत. म्हणून हा शनिवारचा उद्योग.

निमित्त माझा धुळ्याचा मामेभाऊ. त्याच्याकडे २००९ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, ती जुनी १.३ वाली. पंधरा वर्षं झाली म्हणून आरटीओत जाऊन पुन्हा पासिंग करून घेतलंय आणि आता त्याला तिच्यात पन्नास घोडे जादा भरायचे आहेत. मुंबईचा एक विक्रेता त्याला किट देतोय. बाटली, दोन सोलेनॉइड, एक नोझल, पाइप आणि लाल बटण. फोनवर म्हणाला, "दादा, तू इंजिनेर शेस ना, मंग सांग." मी जावा लिहितो हे घरच्यांना गेली कित्येक वर्षं कळलेलं नाही, त्यामुळे मिक्सरपासून गाडीपर्यंत सगळं माझ्याकडेच येतं :-) पण हा विषय मला खरंच आवडतो, वाचनही बऱ्यापैकी आहे आणि अजिंठा चौफुलीजवळच्या एका गॅरेजात सुट्ट्याच्या सुट्ट्या काढलेल्या आहेत. म्हणून त्याला जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितो.

आधी थोडं रसायनशास्त्र, घाबरू नका. नायट्रस ऑक्साइड म्हणजे दोन नायट्रोजन आणि एक ऑक्सिजन. हे इंधन नाही. 'फास्ट अँड द फ्युरियस' (२००१) आणि 'नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड' (२००३) या दोघांनी आमच्या पिढीचा असा समज करून दिला की बाटलीत काहीतरी रॉकेटचं पेट्रोल असतं आणि मागून निळी ज्वाळा निघते. तसं काही नाही. हवेत वजनाने २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. सिलिंडरच्या आत तापमान साधारण ३०० अंशांच्या वर गेलं की रेणू फुटतो आणि ऑक्सिजन सुटा होतो. ऑक्सिजन जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जाळता येतं, आणि ताकद त्या जास्तीच्या पेट्रोलमधून येते. दुसरा फायदा असा की द्रवरूप नायट्रस उणे ८८ अंशांना उकळतो, त्यामुळे आत जाणारी हवा एकदम थंड आणि दाट होते. कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाईदल उंचावरच्या विरळ हवेत विमानांच्या इंजिनांना हाच वायू देत होतं, त्या यंत्रणेचं नाव जीएम-१.

म्हणजे हा सगळा खेळ प्रमाणाचा आहे. नायट्रस वाढला आणि त्याबरोबर पेट्रोल वाढलं, तर ताकद. नायट्रस वाढला आणि पेट्रोल मागे राहिलं, तर मिश्रण 'लीन' होतं, आतलं तापमान भडकतं, ठिणगी पडायच्या आधी किंवा नंतर कुठेतरी भलतीकडेच स्फोट होतात (गॅरेजच्या भाषेत 'नॉकिंग'), पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटतो किंवा पिस्टनलाच भोक पडतं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी. याला वेळ किती लागतो? सेकंद. 'हळूहळू खराब होईल, मग बघू' हा पर्याय इथे नाही.

आता खान्देशात या.

नायट्रसची एक गोष्ट किट विकणारा कधीच सांगत नाही. या वायूचं क्रांतिक तापमान ३६.४ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे त्याच्या वर बाटलीत कितीही दाब द्या, तो द्रवरूपात राहतच नाही. २० अंशांना बाटलीतला दाब पन्नास बारच्या आसपास असतो. किटवाल्यांचे सगळे जेटचे तक्ते साधारण ९०० ते ९५० पीएसआय, म्हणजे बासष्ट ते पासष्ट बार दाब गृहीत धरून बनवलेले असतात, आणि तो दाब तिशीच्या आसपासच्या तापमानाला मिळतो. अमेरिकेत थंडीच्या दिवसांत तेवढा दाब मिळत नाही म्हणून बाटलीला गुंडाळायला हीटर विकतात. आमच्या मामेभावाच्या विक्रेत्याने त्यालाही हीटर घ्यायचा सल्ला दिला. धुळ्यात! ज्या उन्हात आजी गच्चीवर बिबड्या वाळत घालते आणि संध्याकाळपर्यंत त्या कडकडीत होतात, त्या उन्हात डिकीतल्या बाटलीला हीटर.

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला ४५ अंश ही बातमी राहिलेली नाही. सावलीतले ४५. बंद गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त. ३६.४ ची रेषा तर सकाळी साडेनऊ-दहालाच ओलांडली जाते. त्या रेषेवर दाब ७२ बारच्या आसपास असतो, आणि पुढे तो बाटली किती भरली आहे त्यावर अवलंबून भराभर चढतो. आता साखळी जोडा. वेट किटमध्ये, म्हणजे नायट्रस आणि पेट्रोल दोन्ही एकाच नोझलमधून फवारणाऱ्या किटमध्ये, पेट्रोलचा दाब गाडीच्या पंपाने ठरवलेला असतो, तो उन्हाने वाढत नाही. बाटलीचा दाब मात्र वाढतो. नायट्रस जास्त, पेट्रोल तेवढंच. लीन. जानेवारीत सुरळीत चाललेलं तेच किट, त्याच जेटसह, मे महिन्यात पिस्टन खातं. मेस्त्रीचा दोष नाही, गाडीचाही नाही. कॅलिफोर्नियात बनलेला तक्ता भुसावळच्या हवामानात वापरला, एवढंच. आमच्या धंद्यात याला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' असं म्हणतात.

आणि बाटली जास्त भरलेली असेल तर? भरणाऱ्याने काट्यावर वजन न करता 'फुल्ल' भरली असेल, तर द्रव फुगायला जागाच उरत नाही. व्हॉल्व्हवर एक पातळ सुरक्षा चकती असते, दाब हाताबाहेर गेला की ती फुटून वायू सोडून देते. बाटली फुटण्यापेक्षा ते बरंच. पण ती चकती बंद गाडीच्या आत फुटली तर उणे ८८ अंशांचा फवारा आणि श्वास घ्यायला हवा नाही, आणि हे सगळं ताशी शंभरच्या वेगात. त्यासाठी चकतीला बाहेर नेणारी नळी लावतात, डिकीच्या तळातून खाली सोडतात. ही नळी विक्रेत्याच्या यादीत होती का? नव्हती. मी विचारलं तर म्हणे, "इंडियात कोणी लावत नाही."

हे वाक्य मला विकत घेऊन फ्रेम करायचंय.

आता पेट्रोलकडे. २०२५ पासून देशभर पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला जाळायला ते जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे शुद्ध पेट्रोलवर बेतलेला पेट्रोलचा जेट तुम्ही ई-२० वर वापरलात, तर सुरुवातच साताठ टक्के लीनवरून झाली. इथेनॉल नॉकिंगला विरोध करतं हे खरं आहे, पण म्हणून कमी पेट्रोलवर इंजिन चालवा असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय २००९ च्या गाडीचे रबरी पाइप आणि सील या पेट्रोलसाठी बनलेलेच नव्हते. पंप थकलेला, फिल्टर अर्धा तुंबलेला, आणि त्यावर आपण पन्नास घोडे लादणार. इंधनाचा दाब ऐन वेळी खाली आला की पुन्हा तेच, लीन.

बरं, मग करायचंच असेल तर कसं करायचं? यावर मी 'करूच नका' म्हणून मोकळा होणार नाही, कारण त्याने कोणी ऐकत नाही. पोरं फक्त तुम्हाला सांगणं बंद करतात.

पहिलं, आकडा कमी ठेवा. स्विफ्टच्या त्या इंजिनाची कंपनीतून निघतानाची ताकद ८७ अश्वशक्ती. पन्नासचा शॉट म्हणजे अर्ध्याहून जास्त भर. पंचवीसचा शॉट म्हणजे तीस टक्क्यांच्या आत, आणि खरं सांगायचं तर एवढ्याशा गाडीत तोही सॉलिड जाणवतो. त्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट करा. चारही सिलिंडर सारखे नसतील तर तो पैसा इंजिन बांधण्यावर घाला आणि बाटलीचा विचार पुढच्या वर्षी करा.

दुसरं, आणि हे आपल्या मंडळींना लगेच कळेल: सोलेनॉइडकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत नुसतं बटण नको, अँड गेट हवं. आर्मिंग स्विच चालू आहे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आहे, आरपीएम तीन हजारांच्या वर आणि लिमिटरच्या बऱ्यापैकी खाली आहेत, इंधनाचा दाब ठीक आहे. हे चारही खरे असतील तरच रिले ओढला जावा, आणि एकही खोटा झाला तर त्या क्षणी सगळं बंद. का ते सांगतो. कमी आरपीएमला नायट्रस सोडला की इंजिन तो ओढू शकत नाही, तो पेट्रोलसकट इनटेक मॅनिफोल्डमध्ये साचतो आणि एका बॅकफायरला मॅनिफोल्डच्या चिंध्या होतात. हल्लीच्या गाड्यांचं मॅनिफोल्ड प्लॅस्टिकचं असतं हे लक्षात असू द्या. वरच्या टोकाला उलटं होतं: रेव्ह लिमिटर इंजेक्टरचं पेट्रोल तोडतो, पण नायट्रसला कोणी तोडत नाही. लाल बटणाला यातलं काहीही माहीत नसतं. त्याला फक्त अंगठा माहीत असतो, आणि अंगठ्याच्या मागे एकवीस वर्षांचा मुलगा असतो.

तिसरं, ठिणगी उशिरा पाडा. नायट्रसमुळे ज्वलन वेगाने होतं, म्हणून पन्नास घोड्यांमागे दोन अंश मागे घेणं हा किमान ठोकताळा आहे, लहान इंजिनाला त्याहून सावध राहा. प्लग एक घर थंड आणि गॅप थोडी कमी. मिश्रण मोजायला वाइडबँड मीटर लावा. कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर पूर्ण दाबलेल्या ॲक्सिलरेटरवर काय चाललंय ते धड सांगत नाही.

प्लगवरून आठवलं. ज्या गॅरेजचा उल्लेख वर केला, तिथले उस्ताद आता सत्तरीचे असतील. संगणक त्यांनी कधी वापरला नाही. प्लग काढून उन्हात धरायचे आणि चिनी मातीवरच्या रंगावरून गाडीची कुंडली सांगायचे. मी गेल्या दिवाळीत त्यांना विचारलं, "उस्ताद, नॉकिंग प्लगवर दिसतं का?" म्हणाले, "दिसतं ना भो. पांढऱ्यावर मिरे पडल्यासारखे बारीक ठिपके. आणि चांदीसारखा चमकला ठिपका, तर समज पिस्टन बोलून राहिला." पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे कण प्लगला चिकटतात ते हे. जगभरचे ट्यूनर भिंगातून हेच बघतात. म्हणजे आमच्याकडे कसब नाही असं कोणी म्हणू नये. कसब आहे, फक्त किट विकणारा आणि हे उस्ताद यांची भेट होत नाही. किट कुरियरने येतं आणि बसवतो तो स्टिरिओ बसवणारा.

बाटलीचं राहिलं. ती व्हॉल्व्ह पुढे आणि किंचित वर करून, आतली नळी मागच्या-खालच्या बाजूला जाईल अशी धातूच्या पट्ट्यांनी गाडीच्या सांगाड्याला आवळलेली हवी, दोरीने किंवा केबल टायने नव्हे. बाटलीवर दाबाचा काटा हवाच, कारण खान्देशात तो थर्मामीटरचंही काम करतो. काटा हजार पीएसआयच्या वर दिसला की त्या दिवशी खेळ नाही, विषय संपला. बाटली गाडीत ठेवून पार्किंग करायचं नाही. घरी आणून सावलीत ठेवायची. व्हॉल्व्हच्या आट्यांना तेल, ग्रीस यांचा बोटही लागू द्यायचं नाही. दाबाखालचा ऑक्सिडायझर आणि तेल एकत्र आले तर आग लागायला ठिणगीसुद्धा लागत नाही. नायट्रस 'स्वतः जळत नाही' म्हणून तो निरुपद्रवी आहे असं समजणाऱ्यांसाठी एक तारीख देऊन ठेवतो: २६ जुलै २००७, मोहावे, कॅलिफोर्निया. स्केल्ड कंपोझिट्स ही अंतराळयान बनवणारी कंपनी, त्यांनी इंजिन न पेटवता फक्त नायट्रस वाहवून बघण्याची चाचणी घेतली. स्फोट झाला, तीन माणसं गेली. तिथे तज्ज्ञ होते. आपल्याकडे स्टिरिओवाला आहे.

आणि भरायची कुठे? हा तर सगळ्यात अडचणीचा प्रश्न, कारण त्याचं खरं उत्तर कोणालाच आवडत नाही. आपल्याकडे नायट्रस मुख्यतः भूल देण्यासाठी वापरला जातो, दवाखान्यातले निळे सिलिंडर. अमेरिकेतल्या गाड्यांच्या नायट्रसमध्ये कोणी हुंगू नये म्हणून थोडा सल्फर डायऑक्साइड घालतात, दवाखान्याच्या वायूत अर्थातच नसतो. तर हौशी लोक कुठल्या तरी गॅस एजन्सीच्या माणसाला पटवतात आणि मोठ्या सिलिंडरमधून आपल्या आयात केलेल्या बाटलीत उतरवून घेतात. गॅस सिलिंडर नियम २०१६ प्रमाणे मान्यता नसलेला सिलिंडर भरणं बेकायदा आहे. ही मान्यता देणारं पेसोचं मुख्यालय दिल्लीत नाही, आपल्याच नागपुरात आहे. बाटलीची दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली चाचणी व्हावी लागते. कुरियरने आलेल्या सेकंडहँड बाटलीवर शेवटच्या चाचणीचा शिक्का कुठल्या सालचा आहे, हे किती जण बघतात?

उतरवून घेण्याच्या या धंद्याचं काय होतं, ते जळगावला वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर २०२४ मध्ये इच्छादेवी चौकाजवळ घरगुती गॅस ओम्नी गाडीत भरताना स्फोट झाला. गाडीतली आणि आजूबाजूची माणसं होरपळली, त्यातली काही नंतर दवाखान्यात गेली. वायू वेगळा, घटना वेगळी, पण विचार तोच: लाल सिलिंडर, एक पाइप, एक मोटर आणि 'काही नही होत भो'. आणि हेही लक्षात घ्या की गाडीत एलपीजी वापरणं २००० सालच्या कायदादुरुस्तीपासून रीतसर करता येतं. मान्यताप्राप्त किट लावा, आरसी बुकावर नोंद करा, पंपावर भरा. सरळ वाट उघडी असूनही लोक आडवाटेने गेले, कारण आडवाट चार पैसे स्वस्त आणि घराजवळ होती. माझ्या मते जुगाड हा शब्द आपण फार लाडाने वापरतो. पोराच्या सायकलला जुगाड करा. दाबाखालच्या वायूला नाही.

गंमत बघा, याच जिल्ह्यात केळी पिकवायच्या चेंबरमध्ये तापमान, आर्द्रता, इथिलीन सगळं मोजलं जातं. सोळा-अठरा अंशांच्या इकडे तिकडे गेलं तर अलार्म वाजतो. कारण तिथे माल खराब झाला तर व्यापारी पैसे कापतो. वायू कसा हाताळायचा हे जळगावला शिकवायची गरज नाहीच. जिथे नुकसान मोजलं जातं तिथे आम्ही काटेकोर असतो.

कायद्याचं पटकन सांगून टाकतो. गाडीत कंपनीच्या मूळ रचनेहून वेगळे बदल करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल देताना स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९ वेगळं. विमा कंपनीला न सांगता बाटली लावली असेल तर अपघातानंतर ती काय करेल, ते ओळखा.

आता खरा मुद्दा. इथवर जे सगळं सांगितलं ते इंजिन सुरक्षित ठेवण्याबद्दल होतं, आणि ते जमतं. पैसे, धीर आणि एक चांगला उस्ताद असला की जमतं. पण 'रस्त्यावर सुरक्षित नायट्रस' या तीन शब्दांतला पहिला शब्द कुठल्याही किटने सुटत नाही. नायट्रस इंजिनाला देतो, ब्रेकला काही देत नाही. टायरला देत नाही, डोळ्याला देत नाही. शंभरच्या वेगाने जाणारी गाडी एकशे चाळीसवर नेली की तिच्यातली ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते, आणि ब्रेक मारायचं डोक्यात येईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी ३९ मीटर गेलेली असते. जुना सहा नंबर, आताचा ५३, हा धुळे-पारोळा-एरंडोल-जळगाव रस्ता ज्याने रात्री पाहिलाय त्याला विचारा. उसाची आणि केळीची बिनदिव्याची ट्रॉली, दुभाजकातून उलटा येणारा मोटरसायकलवाला, शेतावरून परतणारं कुटुंब. यांच्यापैकी कोणीही शर्यतीचं नाव नोंदवलेलं नसतं.

मे २०२४ मध्ये जळगावजवळ रामदेववाडीला भरधाव कारने एका इलेक्ट्रिक दुचाकीला उडवलं. एक आशा सेविका आणि तिच्यासोबतची तीन मुलं गेली. गाड्यांची शर्यत लागली होती असा आरोप झाला. त्याच महिन्यात, १९ तारखेला, पुण्यात कल्याणीनगरला पोर्शने दोघांना उडवलं. दोघंही तुमच्या-माझ्यासारखे आयटीतले, शनिवारी रात्री मित्रांबरोबर बाहेर पडलेले. पुण्याची बातमी देशभर गेली, ती आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर आली, आपण संतापलो. रामदेववाडीची किती जणांच्या ग्रुपवर आली? माझ्या ग्रुपवर ती जळगावकरांनीच टाकली होती. आणि या दोन्ही ठिकाणी नायट्रसची बाटली असण्याची गरजच नव्हती. शोरूममधून निघालेल्या गाड्या आमच्या रस्त्यांना आधीच जास्त होतायत. मग त्यात अजून पन्नास घोडे घालून आपण नक्की कोणाला हरवणार?

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: "अमेरिकेत सगळे लावतात." लावतात ना. पण अमेरिकेने काय केलं ते अर्धंच सांगता तुम्ही. महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या गाड्या कापून-जोडून रस्त्यावर पळवायला लागली, पेपरवाले आणि पोलीस मागे लागले. तेव्हा १९५१ मध्ये वॉली पार्क्सने एनएचआरए ही संघटना काढली, नियम केले, तपासणी ठेवली, आणि १९५३ मध्ये पोमोनाच्या जत्रेच्या मैदानावरच्या वाहनतळात पहिली अधिकृत शर्यत घेतली. वाहनतळात! फार मोठं स्टेडियम लागत नाही. चारशे दोन मीटर सरळ डांबर, तेवढंच किंवा जास्त थांबायला, दोन्ही बाजूंना काही नाही, एक ॲम्ब्युलन्स, एक अग्निशमन गाडी आणि गाडी तपासून 'नाही' म्हणायची हिंमत असलेला माणूस.

आपल्याकडेही हे झालेलं आहे. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' ही ड्रॅग शर्यत अनेकदा झाली. हेल्मेट, तपासणी, घड्याळ, सगळं रीतसर. पण धुळ्याहून तिथे जायला सहा-सात तास, गाडी ट्रेलरवर न्यायची तर भाडं वेगळं. जुन्या स्विफ्टवाल्या पोरासाठी तो खेळ नाही, तो मुंबई-पुण्याच्या सुपरकारवाल्यांचा झाला. मग तो काय करतो? रात्री साडेअकराला महामार्गावर जातो, तो फुकट आहे.

म्हणून 'बंद करा' म्हणणाऱ्या काकांना माझा प्रश्न आहे. बंद तर आहेच की! कायद्याने २०१९ पासून कडक बंद आहे, पाच हजार दंड आहे. त्याने बाटल्या गेल्या का? नाही, फक्त लपल्या. लपलेली बाटली म्हणजे सुरक्षा चकतीची नळी नसलेली बाटली, कारण नळी गाडीखालून दिसते. लपलेलं किट म्हणजे उस्तादांकडे न दाखवलेलं किट. भीतीने माणूस सगळ्यात आधी काय टाळतो, तर ज्याला कळतं त्याला विचारणं.

धुळ्याला गोंदूरची धावपट्टी आहे, शिरपूरला तांडेची आहे, जळगावचा विमानतळ तर आहेच. प्रवासी विमानांचा जळगाव सोडून द्या. गोंदूरला वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं हे मला ठाऊक आहे, रोज मागत नाही. वर्षातले दोन रविवार, डिसेंबर आणि जानेवारी, सकाळी सात ते दहा. मुद्दाम हिवाळा, बाटलीचा दाब तेव्हा शिस्तीत असतो. संघटनेची, म्हणजे एफएमएससीआयची परवानगी, विमा, धावपट्टीच्या डागडुजीचा खर्च प्रवेश फीमधून. बाटली असेल तर पेसोची मान्यता आणि चाचणीचा शिक्का दाखवायचा, नसेल तर गाडी नायट्रसशिवाय पळवायची. जवळजवळ सगळे नायट्रसशिवायच पळवतील. चालेल की. घड्याळात आपला आकडा बघायचा असतो हो पोरांना, तो मिळाला की निम्मी खाज तिथेच जाते. औद्योगिक वसाहतीतल्या एका-दोन कारखानदारांनी मनावर घेतलं तर पैशांची अडचण नाही. क्रिकेटच्या टेनिस बॉल स्पर्धांना हीच मंडळी ट्रॉफ्या आणि मोटरसायकली देतात.

मामेभावाला मी दोन कामं लावली आहेत. एक, कॉम्प्रेशन टेस्ट. दुसरं, त्याच्या ग्रुपमधल्या बावीस जणांच्या सह्यांचं जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन, मसुदा मी लिहून पाठवलाय. टेस्टमध्ये तिसरा सिलिंडर कमी आलाय, त्यामुळे किटचे पैसे आता रिंगा आणि बेअरिंगमध्ये जाणार आहेत, विक्रेता नाराज आहे. निवेदनावर आतापर्यंत चौदा सह्या झाल्यात. धुळे-जळगावचे कोणी वाचत असाल तर उरलेल्यांसाठी मला मेल करा, मसुदा पाठवतो. सहीबरोबर गाडीचं मॉडेल आणि वर्षही लिहा. जिल्हाधिकाऱ्यांना दिसू दे की ही पोर्शवाल्यांची मागणी नाहीये.